एकाच घरातल्या दोघी शर्यतीत उतरल्या तर

१२ एप्रिल २०१५, रविवार. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर सहा तासांची शर्यत चालू होती. ऑडीच्या सात नंबरच्या गाडीत मार्सेल फॅस्लर होता, पोर्शेच्या अठरा नंबरच्या गाडीत नील यानी. दोघेही स्वित्झर्लंडचे. वळण आलं की फॅस्लर आत घुसून पुढे जायचा. वळण संपून सरळ रस्ता लागला की यानीच्या गाडीत साठवलेली वीज एकदम चाकांवर यायची आणि तो पुन्हा पुढे. पुढच्या वळणावर परत तेच. हे एकदा-दोनदा झालं नाही, कितीतरी वेळ चाललं होतं, आणि दोघांनीही एकमेकांना गाडीच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त जागा दिली नाही. शेवटी ऑडी जिंकली. सहा तास पळून दोघांमधलं अंतर पाच सेकंदांपेक्षाही कमी होतं.

माझा आतेभाऊ चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला आहे. तो शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, "दादा, या दोन्ही कंपन्यांचा मालक एकच ना?" मी हो म्हटलं. फोक्सवॅगन. "मग हे भांडतायत कुणाशी? ढाल कुणीही नेली तरी जाणार एकाच घरात, आणि खर्च मात्र दुप्पट."

प्रश्न रास्त आहे. तो फक्त आतेभावाचा नाही, त्या काळात युरोपातल्या शेअरधारकांचा होता, कामगार संघटनांचा होता आणि मोटारशर्यतींवर प्रेम करणाऱ्या अनेकांचाही होता. मला त्याचं उत्तर ठाम द्यायचं आहे. २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत ऑडी आणि पोर्शे जसं एकमेकींशी लढल्या, ती उधळपट्टी नव्हती. एका मोठ्या उद्योगसमूहाने आपल्याच पोटातल्या दोन मतांना खुल्या मैदानात आमनेसामने उभं केलं, आणि असं फार क्वचित घडतं. ते का थांबलं आणि आता का घडत नाही, हा खरा काळजीचा विषय आहे.

आपल्याकडे भाऊबंदकी म्हटली की बांधावरचं भांडण आठवतं. दोघांनाही तीच हातभर जमीन हवी असते. दोघंही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि शेत पडीक राहतं. ऑडी-पोर्शेच्या चढाओढीला भाऊबंदकी म्हणता येणार नाही. त्यांची तुलना कालव्याच्या आवर्तनाशी करावी लागेल. पाळीला प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी ठरलेलं. एक जण त्यावर पाटाने ऊस भिजवतो, दुसरा ठिबक टाकून कांदा काढतो, आणि हंगामाच्या शेवटी कळतं की त्याच पाण्यात कुणी जास्त पिकवलं. २०१४ सालच्या नियमांनी तासन्‌तास चालणाऱ्या सहनशक्तीच्या शर्यतींत नेमकं हेच आणलं.

हे नियम नीट समजून घेतले पाहिजेत, कारण सगळं त्यांच्यात आहे. या शर्यतींतली सगळ्यांत मोठी म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची ले मान्स. तिची एक फेरी सुमारे १३.६ किलोमीटरची. वरच्या वर्गातल्या प्रत्येक हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाडीला एका फेरीत किती इंधन जाळता येईल हे बांधून दिलं होतं. पेट्रोलच्या गाडीला पाच लिटरपेक्षाही कमी. त्याशिवाय ब्रेक मारताना किंवा धुरातून वाया जाणारी ऊर्जा पकडून ती पुन्हा वापरायची मुभा होती. ती किती वापरायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं: फेरीला २, ४, ६ किंवा ८ मेगाज्यूल. जास्त वीज मागितली की इंधनाचा वाटा कमी. इंजिन किती मोठं, सिलिंडर किती, पेट्रोल की डिझेल, वीज साठवायची ती बॅटरीत, कपॅसिटरमध्ये की आणखी कशात, यावर बंधन नव्हतं. हिशेब फक्त ऊर्जेचा. इंधनाच्या नळीवर प्रवाह मोजणारं यंत्र बसवलेलं, आणि वाट्यापेक्षा जास्त ओढलं की शिक्षा.

आठ मेगाज्यूल म्हणजे किती? घरच्या वीजबिलाच्या भाषेत २.२ युनिट. एक हजार वॅटची इस्त्री सव्वादोन तास चालेल इतकी वीज. ती एका फेरीत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत, पकडायची आणि खर्चही करायची. रिकाम्या गाडीचं किमान वजन ८७० किलो. ती ताशी ३०० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या अंगात तीन मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा असते. साधी गाडी ब्रेक मारते तेव्हा ही सगळी ऊर्जा चकत्या लालभडक करून हवेत उडून जाते. ही उडून जाणारी ऊर्जा मुठीत पकडायची, एवढंच काम होतं. ते दोघींनी दोन अगदी वेगळ्या रीतींनी केलं.

ऑडीकडे डिझेलचा वारसा होता. २००६ साली तिने डिझेल गाडीवर ले मान्स जिंकलं, तोवर तिथे कुणी डिझेलवर जिंकलं नव्हतं. २०१२ साली तिथे जिंकणारी पहिली हायब्रिड गाडीही तिचीच. त्या आर१८ गाडीत चार लिटरच्या आसपासचं व्ही६ डिझेल इंजिन मागची चाकं फिरवायचं. पुढच्या चाकांवरून ब्रेकची ऊर्जा घेऊन ती एका फ्लायव्हीलमध्ये साठवली जायची. फ्लायव्हील म्हणजे जातंच. जात्याला एकदा गती दिली की हात काढल्यावरही ते काही वेळ फिरत राहतं, कारण तुमच्या हाताची मेहनत त्या दगडाच्या फिरण्यात साठलेली असते. ऑडीचं जातं कार्बन फायबरचं होतं. हवा काढून घेतलेल्या डब्यात, चालकाच्या शेजारी, मिनिटाला पंचेचाळीस हजार फेऱ्यांपर्यंत ते फिरायचं. त्यात रसायन नाही, झीज नगण्य आणि हजारो वेळा भरलं-रिकामं केलं तरी फरक पडत नाही. त्याची उणीव म्हणजे एका वेळी मावणारी ऊर्जा थोडी. म्हणून ऑडीने २०१४ मध्ये सगळ्यांत खालचा, २ मेगाज्यूलचा वर्ग घेतला आणि भिस्त डिझेलच्या काटकसरीवर ठेवली.

पोर्शेने नेमकी उलट वाट धरली. ९१९ गाडीत दोन लिटरचं चार सिलिंडरचं व्ही४ टर्बो पेट्रोल इंजिन. पोर्शे आणि चार सिलिंडर, हे ऐकून जुन्या चाहत्यांचा जीव हलला होता. सुरुवातीच्या चाचण्यांत ते इंजिन इतकं थरथरायचं की क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, रचनाच बदलावी लागली. पण त्या लहानशा इंजिनाच्या जोडीला लिथियम-आयन बॅटरी होती, ८०० व्होल्टची यंत्रणा होती, आणि ऊर्जा पकडण्याच्या दोन जागा होत्या. पुढच्या चाकांवर ब्रेक मारताना, आणि मागे धुराच्या नळीतल्या वेगळ्या टर्बाइनवर गाडी वेग घेत असताना. म्हणजे ही गाडी थांबतानाही वीज साठवायची आणि पळतानाही. त्यामुळे २०१५ साली तिने ८ मेगाज्यूलचा वर्ग घ्यायची हिंमत केली. त्या वर्गात तिच्याआधी कुणी उतरलं नव्हतं.

आता सिल्व्हरस्टोनची ती लढत पुन्हा डोळ्यांसमोर आणा. वळणात ऑडी पुढे, सरळ रस्त्यावर पोर्शे पुढे. त्या दोन चालकांच्या झुंजीत दोन कारखान्यांची मतं एकमेकांवर घासत होती. ऑडीच्या इंगोलश्टाट आणि नेकारसुल्मचं मत एक, पोर्शेच्या वायसाखचं दुसरं. कुठल्याही कंपनीत असे दोन गट असतातच. एक म्हणतो डिझेल, दुसरा म्हणतो बॅटरी. बहुतेक ठिकाणी हा वाद बंद दाराआड मिटतो, आणि तोही बहुधा ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा साहेब वर, त्याच्या बाजूने. इथे मालकाने दोघांनाही सांगितलं की वाद मैदानात मिटवा. सगळ्या जगासमोर, घड्याळ लावून, इंधन मोजून.

निकाल काय लागला ते बघा. २०१४ च्या ले मान्समध्ये पोर्शे शेवटच्या काही तासांपर्यंत पुढे होती, मग तिचं यंत्र दगावलं आणि ऑडीने तेरावा विजय घेतला. २०१५ मध्ये सिल्व्हरस्टोन आणि बेल्जियममधलं स्पा ऑडीने जिंकलं. ले मान्सला मात्र पोर्शेच्या हुल्केनबर्ग, बॅम्बर आणि टँडी या तिघांनी ३९५ फेऱ्या मारून बाजी मारली. पोर्शेचीच दुसरी गाडी दुसरी आली, ऑडी तिसरी. तिथून पुढे त्या हंगामातली प्रत्येक शर्यत पोर्शेची. जून महिन्यातल्या त्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी बसलो होतो तो रविवारी संध्याकाळी साडेसहालाच उठलो. बाहेर पाऊस सुरू झाला होता. पहाटे तीन-साडेतीनला मी कितीदा तरी मोजून पाहिलं, दर फेरीत पोर्शे किती कमावते आणि ऑडी कुठे भरून काढते. बॅटरीचं पारडं जड होत चाललंय हे त्या रात्री माझ्यासारख्या घरी बसलेल्या माणसालाही दिसत होतं.

आणि मग जे घडलं ते माझ्या मते या सगळ्या चढाओढीचं सार्थक आहे. हरलेल्या ऑडीने आपलं मत बदललं. २०१४ ला २ मेगाज्यूल, २०१५ ला ४, २०१६ ला ६. आणि २०१६ च्या गाडीतून ते सुंदर जातं निघालं, त्याच्या जागी लिथियम-आयन बॅटरी आली. चार वर्षं ज्या यंत्रावर मेहनत घेतली, ज्याने तीनदा ले मान्स जिंकून दिलं, ते सोडणं सोपं नसतं. हे ऑडीला समितीच्या अहवालाने किंवा सल्लागाराने पटवलेलं नाही. तिच्याच घरातल्या दुसरीने, तिच्याच डोळ्यांदेखत, फेरीमागून फेरी ते दाखवून दिलं.

कुणी म्हणेल, हे त्याच वर्गातल्या प्रतिस्पर्धी टोयोटानेही दाखवलं असतं. परक्याकडून हरलं तरी शहाणपण येतंच. येतं, पण अर्धवट. परक्याच्या गाडीचं पोट उघडून बघता येत नाही. शर्यतीचा हंगाम संपल्यावर घरातल्या दोघी एका टेबलाशी बसू शकतात. पोर्शेने ९१९ वर ज्या ८०० व्होल्टचा अभ्यास केला, तीच पातळी २०१९ मध्ये तिच्या टायकान या रस्त्यावरच्या विजेच्या गाडीत आली. आणि ऑडीची ई-ट्रॉन जीटी त्याच टायकानच्या सांगाड्यावर उभी आहे, त्याच ८०० व्होल्टवर.

८०० व्होल्टचं महत्त्व आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं आणि मोटर जळते. त्याने ते स्वतःच्या खिशातून भोगलेलं असतं. गाडीतही तेच गणित उलटं करून वापरलं आहे. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच शक्तीसाठी करंट निम्मा लागतो, आणि करंट निम्मा झाला की तारेत वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून तारा बारीक चालतात, वजन घटतं आणि चार्जिंग भराभर होतं.

या घरात अशी चढाओढ रुजली याला कारणही आहे. फर्डिनांड पिएख हा फर्डिनांड पोर्शेंचा नातू, मुलीचा मुलगा. त्याच्या हाताखाली पोर्शेची ९१७ ही गाडी झाली आणि १९७० साली तिने पोर्शेला ले मान्सचा पहिला निखळ विजय दिला. मग तो ऑडीत गेला आणि तिथे चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो उभी केली. पुढे १९९३ मध्ये फोक्सवॅगनचा प्रमुख झाला. ऑडीच्या ले मान्समधल्या बहुतेक विजयांमागे ज्याचा संघ होता, त्या राइनहोल्ड योस्टने त्याआधी पोर्शेच्या गाड्यांवर ले मान्स जिंकलेलं. पोर्शेने फोक्सवॅगन गिळायचा प्रयत्न केला आणि शेवटी २०१२ मध्ये स्वतःच फोक्सवॅगनच्या पोटात गेली. म्हणून मी या दोघींना बहिणी म्हणायला थोडा कचरतो. एकाच वाड्यात वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या, स्वतःचं माहेर न विसरलेल्या या जावा आहेत.

याच वाड्यात २००३ साली दुसरा प्रकारही होऊन गेला होता. त्या वर्षी ऑडीचा कारखाना ले मान्समधून बाजूला झाला आणि बेंटलीला पुढे केलं गेलं. बेंटलीच्या गाडीत इंजिन ऑडीच्या घराण्यातलं, चालकांतही ऑडीची ओळखीची माणसं. बेंटली पहिली-दुसरी आली, खासगी संघाची ऑडी तिसरी. बेंटलीच्या चाहत्यांना ७३ वर्षांनी विजय मिळाला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच होतं. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्या वर्षी घरात नवं काही कळलं नाही. एकीने वाट सोडली, दुसरी त्याच वाटेने गेली. मला २०१५ सालची हरलेली ऑडी २००३ सालच्या जिंकलेल्या बेंटलीपेक्षा मोलाची वाटते.

आता खर्चाचा मुद्दा. तो मी टाळणार नाही. दोन संघ, दोन इंजिनं, दोन वेगळ्या विद्युत यंत्रणा, आणि प्रत्येकी शेकडो माणसं. हा खर्च अफाट होता आणि तो शेवटी गाड्यांच्या किमतीतूनच निघतो. पण ऑडी मैदानातून गेली ती फक्त खर्चामुळे नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली आणि जगाला कळलं की या समूहाच्या डिझेल गाड्यांत एक सॉफ्टवेअर आहे. चाचणी चालू आहे हे ते ओळखतं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करतं. रस्त्यावर आली की गाडी पुन्हा मनमोकळा विषारी धूर सोडते. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

याचा मला आजही राग येतो, आणि त्याचं कारण शर्यतीतच आहे. ज्या समूहाची गाडी ले मान्समध्ये इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब उघड देत होती, त्याच समूहाची रस्त्यावरची गाडी तपासनिसाला फसवत होती. ट्रॅकवर चोवीस तास मोजणारं यंत्र होतं, रस्त्यावरच्या गाडीला प्रयोगशाळेतली वीस मिनिटांची चाचणी होती. मोजमाप सतत आणि खरं असतं तेव्हा इंजिनिअर काय करून दाखवू शकतात आणि ते कधीमधी नि ठरावीक असतं तेव्हा साहेब काय करून घेतात, हे एकाच घरात, एकाच वर्षी दिसलं. हे प्रकरण आपल्यापासून दूर नव्हतं. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत या गाड्या तपासल्या गेल्या, प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे प्रयोगशाळेपेक्षा वेगळे निघाले, आणि भारतात तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायची घोषणा झाली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची सक्तीची कारवाई थांबवली.

ऑडीने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सहनशक्तीच्या शर्यती सोडल्याचं जाहीर केलं. डिझेलची जाहिरात आता कोण करणार होतं? त्या वर्षीची शेवटची शर्यत बहरीनला होती. तिथे ऑडी पहिली आणि दुसरी आली, पोर्शे तिसरी. पोर्शेच्या त्या गाडीतल्या मार्क वेबरचीही ती शेवटची शर्यत. एकाच मंचावर दोघी उभ्या होत्या आणि एकीचं सामान आवरलेलं होतं.

पुढच्या वर्षी ऑडीकडून तीनदा ले मान्स जिंकलेला आंद्रे लॉटरर पोर्शेत गेला. जून २०१७ मध्ये रविवारी सकाळी त्याची एक नंबरची गाडी सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती. अचानक तेलाचा दाब गेला. इंजिन बंद करून नुसत्या विजेवर गाडी पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत, आणायचा त्याने प्रयत्न केला, पण बॅटरी पुरली नाही. गाडी ट्रॅकच्या कडेला थांबली. पोर्शेची दुसरी गाडी पुढच्या मोटरच्या दुरुस्तीसाठी तासाहून जास्त वेळ पिटमध्ये अडकलेली होती, तरी तीच शेवटी जिंकली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत पोर्शेनेही या वर्गातून निवृत्ती जाहीर केली. दुसरी गेल्यावर पहिलीलाही फार काळ राहण्यात अर्थ वाटला नाही, असं मी त्यातून समजतो. मग तिथे हायब्रिड गाडी घेऊन टोयोटा एकटी उरली.

एक आक्षेप मला मान्य आहे. एका मालकाचे दोन संघ असले की नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्या घराचे दोन आवाज असतात, आणि बाकीच्यांचा एकेकच. यातून टोयोटासारख्या स्पर्धकाला अन्याय वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. मैदानात दोघी खऱ्या लढल्या म्हणजे बैठकीतही त्या वेगळ्या बसतात असं नाही. त्यावर उपाय सोपा आहे: शर्यतीत दोन गाड्या, बैठकीत एक मत. मैदानातल्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र मला शंका नाही. २०१६ ला सिल्व्हरस्टोनमध्ये ऑडी पहिली आली, पण गाडीखालची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली आढळली आणि तिचा विजय रद्द झाला. तो गेला पोर्शेकडे. घरातल्या घरात सांभाळून घ्यायचं असतं तर घ्यायला जागा भरपूर होती.

आज काय स्थिती आहे? आजच्या वरच्या वर्गात कंपन्यांना दोन वाटा आहेत. एका वाटेने स्वतःची पूर्ण गाडी आणि स्वतःची हायब्रिड यंत्रणा बनवता येते. दुसरी वाट स्वस्तातली. चार ठरलेल्या कारखान्यांपैकी एकाचा सांगाडा घ्यायचा आणि हायब्रिड भाग सगळ्यांना एकच: बॉशची मोटर, ठरलेली बॅटरी, ठरलेला गिअरबॉक्स. वर सगळ्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून वजन आणि शक्ती बाहेरून कमी-जास्त केली जाते. पोर्शेने ९६३ साठी ही दुसरी वाट घेतली. ऑडीही त्याच वाटेने येणार होती, तिने तसं जाहीर केलं होतं, आणि मग फॉर्म्युला वनकडे वळून बेत मोडला. २०२४ मध्ये याच समूहातली लॅम्बोर्गिनी एससी६३ घेऊन उतरली. म्हणजे एकाच घरातल्या दोघी पुन्हा मैदानात आल्या. पण दोघींच्या पोटातली विजेची यंत्रणा एकच, आणि ती इतर कित्येक प्रतिस्पर्ध्यांच्याही पोटात. हायब्रिडबद्दल त्या दोघी एकमेकींना काय शिकवणार होत्या? माझ्या आतेभावाचा प्रश्न २०१५ मध्ये चुकीचा होता, २०२४ मध्ये बरोबर ठरला असता.

या नव्या नियमांनी गर्दी आणली, हे मी नाकारत नाही. २०२४ च्या ले मान्सला वरच्या वर्गात नऊ कंपन्यांच्या तेवीस गाड्या होत्या. फेरारी परत आली आणि २०२३ पासून लागोपाठ तीनदा जिंकली. शेवटच्या तासापर्यंत चुरस असते, तरुण प्रेक्षक आले आहेत, आणि हे सगळं मीही आनंदाने बघतो. पण गर्दी आणि वैविध्य यांत फरक आहे. चाकणमध्ये एकाच लाइनवरून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन उतरतात. दोन्हींत तीच एक लिटर किंवा दीड लिटरची टीएसआय इंजिनं. मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत. क्लच तसाच, गिअर तसाच पडतो, खड्ड्यातून जाताना आवाजही तसाच येतो. यात ग्राहकाची फसवणूक नाही. सुटे भाग स्वस्त पडतात, कारखाना चालतो, हजारो घरांची चूल पेटते. बाजारासाठी हे शहाणपणाचं आहे. मात्र या दोघींची शर्यत लावली तर त्यातून कळणार काय, तर कुणाचा चालक बरा. प्रयोगाचं मैदान बाजारासारखं झालं तर प्रयोग करायचा कुठे?

म्हणून माझी मागणी नियम करणाऱ्यांकडे, म्हणजे ले मान्सच्या आयोजक क्लबकडे आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाकडे आहे. ज्या समूहाला दोन ब्रँड उतरवायचे असतील त्याला खुशाल उतरवू द्या. अट एकच घाला: दोघींची ऊर्जा पकडण्याची आणि साठवण्याची पद्धत वेगळी असली पाहिजे. दुसरीने तयार हायब्रिड संच घेतला तर पहिलीने स्वतःचा बनवावा. गाड्या बाहेरून वजन लादून सारख्या करण्याऐवजी २०१४ सारखं फेरीमागे ऊर्जेचं आवर्तन ठरवून द्या आणि मग ज्याला जे पिकवायचं ते पिकवू द्या. खर्चाला आळा घालायचा असेल तर चाचण्यांचे दिवस कमी करा, वाऱ्याच्या बोगद्यातले तास कमी करा, माणसांची संख्या बांधा. विचार बांधू नका.

समूहांच्या मालकांनाही सांगायचं आहे. तुमच्या घरात आजही वाद चालू असतील. घन बॅटरी की द्रव, हायड्रोजन की वीज, लहान इंजिन आणि मोठी मोटर की उलट. हे वाद बैठकीत हात वर करून मिटवाल तर निर्णय खुर्चीच्या बाजूने लागेल. डिझेलच्या बाबतीत तो तसाच लागला होता आणि त्याची किंमत जगभरच्या फुप्फुसांनी मोजली. २०२५ च्या हंगामानंतर जागतिक मालिकेतून पोर्शेचा कारखाना-संघ पुन्हा बाहेर पडला आहे. पुढच्या वेळी परत येताना तिच्याबरोबर घरातली दुसरी कुणीतरी आणा. तिच्यासारखीच नको, तिच्याशी न पटणारी आणा.

आतेभाऊ आता लाइन सुपरवायझर झाला आहे. २०२५ च्या जूनमध्ये तो पुन्हा माझ्याकडे ले मान्सची शर्यत बघायला आला होता. पोर्शे दुसरी आली, पहिल्या फेरारीपासून पंधरा सेकंदांच्या आत. चोवीस तासांनंतर! आम्ही दोघंही उभे राहून ओरडत होतो. मग चहा घेताना त्याने विचारलं, "यात ऑडी कुठाय?"

मी त्याला २०१५ च्या सिल्व्हरस्टोनची चित्रफीत लावून दिली.